थोरली ज्वारी

गोंडीत ‘पेर्सा’ म्हणजे मोठा, थोरला. आदिलाबादचे राजगोंड ज्याला आपल्या कुळाचा सर्वांत थोर देव मानतात, तो पेर्सा पेन. याच जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात ज्वारीचं एक जुनं वाण आहे, त्याचं नाव पेर्सा जोन्ना. जोन्ना म्हणजे तेलुगूत ज्वारी. देवाला जे विशेषण लावलं तेच धान्यालाही लावलं, एवढ्यावरूनच त्या धान्याचा घरातला मान कळतो.

हैदराबादेत राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्यूरोचं केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी आदिलाबादच्या गोंड, कोलाम, नायकपोड, परधान आणि लंबाडा वस्त्यांतून देशी ज्वारीची वाणं गोळा केली, तेव्हा या एका धान्याची किती रूपं शिल्लक आहेत ते नोंदलं गेलं. पिवळी, पांढरी, तांबूस. घट्ट कणसाची आणि मोकळ्या, विस्कटलेल्या कणसाची. भाकरीची वेगळी, गटक्याची वेगळी. गटका म्हणजे भरडलेल्या ज्वारीचा घट्ट शिजवलेला घाटा. आपल्याकडच्या कण्यांचा सख्खा भाऊ. मोकळ्या कणसाला कारण आहे. परतीचा पाऊस रेंगाळला तर घट्ट कणसात पाणी साचून दाणा काळा पडतो, मोकळ्या कणसातून ते निथळतं. शिवाय पाखराला नीट बसायला जागा मिळत नाही. ही निवड कुणा प्रयोगशाळेत झालेली नव्हती. बियाण्यासाठी कणसं बाजूला काढणाऱ्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली ती निवड होती.

आदिलाबाद म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला आठवतो तो नागपूर-हैदराबाद रस्ता आणि पैनगंगेवरचा पूल. पुलापलीकडे पाट्यांवरची लिपी बदलते, माती बदलत नाही. निजामाच्या राज्यात सिरपूर-तांडूर नावाचा उपजिल्हा होता. १९०५ मध्ये त्याचाच स्वतंत्र आदिलाबाद जिल्हा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा आणि किनवट नांदेडला आलं (राजुरा पुढे चांद्याला गेलं) आणि नांदेडचं मुधोळ आदिलाबादला जोडलं गेलं. २०१६ मध्ये तेलंगणानं उरलेल्या जिल्ह्याचे पुन्हा चार तुकडे केले. त्यामुळे इथला इतिहास सांगताना आजच्या हद्दी पाळता येत नाहीत. ज्या गावांनी आदिलाबादचं नाव जगभर नेलं त्यांतली काही आज कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतात. मराठी मात्र या सगळ्या पट्ट्यात अजून बाजारात आणि सोयरिकीत चालते. पोळा दोन्ही काठांवर एकाच अमावास्येला सजतो.

ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात या डोंगरांत राहिला. जर्मन पासपोर्टमुळे महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रूदेशाचा नागरिक होता, पण निजामाच्या मुलखात राहून काम करण्याची त्याला मुभा मिळाली. त्यानं लिहून ठेवलेली गोंडांची शेती आज वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती जमिनीच्या दोन जातींची. उतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत पावसाळी पिकं. खोलगट काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी. हलकं रान दोन-चार वर्षं पिकवायचं, मग पडीत टाकायचं आणि दुसरं धरायचं. रानाला विसावा मिळे, झाडोरा उठे, पालापाचोळा कुजे. काही वर्षांनी माणूस तिथं परत येई. गोंडांकडे नांगर, बैल होते. डोंगरमाथ्यावरच्या कोलामांकडे पुष्कळदा तेही नसत. ते झुडपं तोडून, जाळून, राखेत कुदळीनं किंवा टोकदार काठीनं बी टोचत. अशा शेतीला तेलुगूत पोडू म्हणतात.

एकाच रानात ज्वारी, तूर, सावा, राळा, उडीद असं मिसळून पेरायचं, हे अडाणीपणाचं लक्षण आहे असं महसुली अधिकाऱ्यांना वाटे. त्यातला हिशोब पावसाचा होता. आदिलाबादेत वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेलंगणाच्या मानानं हा आकडा मोठा. पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्येच पंधरा-पंधरा दिवस तोंड फिरवतो. ज्वारी अशा उघडिपीत पानं गुंडाळून घेते, वाढ थांबवते आणि पाऊस आला की पुन्हा मार्गी लागते. तुरीचं मूळ खोल जातं. सावा, राळा तर दोन-अडीच महिन्यांत हाताशी येतात. एकाला मार बसला तरी दुसरं काहीतरी घरात येईच.

यातून वर्षाचं एक पंचांग तयार होई. भाद्रपदात बारीक धान्यं निघत. दिवाळीनंतर पावसाळी ज्वारी. पौष-माघात तूर. फाल्गुनाकडे रब्बीची ज्वारी. ती संपेपर्यंत चैत्रात मोहाची फुलं गळायला लागत. ती वाळवून साठवायची. मग चारोळी, टेंभरं. नवं धान्य आधी देवाला दाखवल्याशिवाय खायचं नाही, हा गोंडांचा नियम प्रत्येक पिकाला वेगळा पाळला जाई. तो देवभोळेपणा असेल, पण कच्चं पीक घाईनं कापून खाण्याला त्यामुळे लगामही बसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना हात जरा आखडताच घ्यावा. आषाढ-श्रावणात उपासमार होती. कणगी तळाला लागली की कोलाम रानातले कंद खणत. ते खणायला दिवस जाई आणि पोट अर्धंच भरे. शिवाय पडीत टाकण्याची चैन परवडे ती माणसं थोडी आणि रान अफाट म्हणून. रानाच्या या अफाटपणालाच विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत कात्री लागली.

कात्रीची एक बाजू जंगल खात्याची. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या तेव्हा पिकाखालची जमीन गावाची आणि पडीत जमीन जंगलाची, असा सोयीचा अर्थ लावला गेला. सर्वेक्षणाच्या वर्षी जे रान विसाव्याला टाकलेलं होतं ते गेलं. गावं जंगलातल्या बेटांसारखी उरली. बेटातली तीच ती जमीन दरवर्षी पिकवायची म्हटल्यावर हलकं रान पाच-सहा वर्षांत दम सोडू लागलं.

दुसरी बाजू रेल्वेची. १९२० च्या दशकाच्या अखेरीला काजीपेठहून बल्लारशाहपर्यंतचा मार्ग पुरा झाला आणि पाठोपाठ मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादला गाडी आली. वऱ्हाडात कापसानं काय घडवलं हे तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. काळ्या जमिनीच्या शोधात मैदानी भागातून शेतकरी, व्यापारी, सावकार आले. त्यांना कागदाचं महत्त्व ठाऊक होतं. गोंडांपैकी बहुतेकजण जमीन कसत होते ‘शिवाय-जमाबंदी’ या प्रकारात: वर्षाचा सारा भरायचा, वर्षापुरतं कसायचं, पट्टा नाही. कसणाऱ्याला वाटे सारा भरला म्हणजे जमीन आपली. पट्टा ज्यानं आधी नावावर करून घेतला, कचेरीच्या लेखी जमीन त्याची. आपल्या आज्यानं तोडलेल्या रानात नातू गडी म्हणून राबू लागला, अशी उदाहरणं हायमेनडॉर्फनं गावोगाव नोंदवली आहेत.

कोमराम भीम यातूनच उभा राहिला. जोडेघाट आणि आसपासच्या गावांत जमीन कसण्याचा हक्क मागत त्यानं निजामाच्या पोलिसांशी दोन हात केले आणि १९४० मध्ये तो गोळीबारात मारला गेला. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. आश्विन पौर्णिमेला आजही जोडेघाटला लोक जमतात.

निजाम सरकार हादरलं, आणि या लोकांना नेमकं काय हवं आहे हे शोधण्याचं काम हायमेनडॉर्फच्या अभ्यासातून पुढे सरकलं. त्यानं मुक्काम टाकला मारलवाईला. १९४३ मध्ये तिथं गोंड शिक्षण केंद्र सुरू झालं. गोंडीची पहिली पुस्तकं देवनागरीत छापली गेली. तेव्हा अक्षरओळख असलेले जे थोडे गोंड सापडले त्यांना ती मराठीतून झालेली होती, म्हणून ही लिपी. मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसलेला हा आपल्या लिपीचा एक प्रवास.

शाळेपेक्षा मोठं काम झालं ते पट्ट्यांचं. १९४५ मध्ये हायमेनडॉर्फ सरकारचा आदिवासी व मागासवर्गीयांसाठीचा सल्लागार झाला. ‘लावणी खास’ या नियमाखाली मोजणी, चौकशी करून गोंड, कोलाम, नायकपोडांच्या नावे जमिनी लावल्या जाऊ लागल्या. अकरा हजारांवर पट्टे आणि मिळून दीड लाख एकरांहून अधिक जमीन. संस्थानी राज्याच्या अखेरच्या चार-पाच वर्षांत, युद्धाची टंचाई आणि तेलंगणातला सशस्त्र उठाव चालू असताना हे झालं, म्हणून त्याचं अप्रूप जास्त. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन आदिवासींच्या तक्रारी ऐकण्याचा दरबारही याच दशकातला. पौष अमावास्येच्या जत्रेत तो अजून भरतो. हायमेनडॉर्फची बायको बेटी १९८७ मध्ये वारली, तिचं दफन मारलवाईतच झालं.

या माणसाचं श्रेय कुठं आहे? भुकेवरचा उपाय म्हणजे बियाणं वाटणं, खताची पोती देणं एवढंच त्यानं मानलं नाही. उपासमारीच्या मुळाशी जमिनीचा कागद आहे हे त्यानं ओळखलं. आज ‘अन्नसुरक्षा’ या शब्दाखाली जे असंख्य कार्यक्रम चालतात त्यांत हे ओळखणारे अजूनही थोडेच.

पुढची तीस वर्षं कायदे चांगले झाले आणि अंमल ढिला राहिला. अनुसूचित क्षेत्रातल्या जमीन हस्तांतरावरचा १९५९ चा नियम १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाला, १९७० मध्ये तो आणखी कडक केला गेला. कागदावर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येईना. व्यवहारात उसनवारी, तोंडी बटाई, बेनामी असे रस्ते होतेच. १९७० च्या दशकात हायमेनडॉर्फ परत आला तेव्हा त्यानं स्वतः लावून दिलेल्या कितीतरी जमिनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेल्या पाहिल्या, आणि १९८२ च्या आपल्या पुस्तकात ते कडवटपणे लिहिलं. त्यातच १९७६ च्या दुरुस्तीनं तिथल्या लंबाड्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात त्यांचेच बंजारा भाऊबंद विमुक्त जातींत मोडत. साहजिकच पैनगंगा ओलांडून येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांचीही पोटं होती. पण जमीन तेवढीच राहिली.

२० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागण्यांसाठी गोंड जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून पुष्कळ जास्त सांगतात.

कापूस या सगळ्याच्या आडून आला. आदिलाबादचा कापूस बाजार आज आशियातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो आणि विभाजनानंतरच्या छोट्या झालेल्या जिल्ह्यातही कापसाखाली चार लाख एकरांच्या घरात जमीन असते. एवढा कापूस लोकांनी पैशाच्या हावेपोटी लावला, असं म्हणणारे शेतावर गेलेले नसतात. ज्वारी पिकवायला राखण लागते. पूर्वी सगळ्या शिवाराची ज्वारी एकदम निसवायची; पाखरं वाटली जायची, माळ्यावर बसलेली पोरं गोफणी फिरवायची. शेजाऱ्यांनी कापूस लावला की उरलेल्या एकट्याच्या ज्वारीवर साऱ्या शिवाराची पाखरं आणि रात्री रानडुकरं. कपाशीला डुक्कर सहसा तोंड लावत नाही. पोरंही आता शाळेत असतात, ती तिथंच असलेली बरी. सावकार आणि कृषी सेवा केंद्रवाला उधारी देतो ती कपाशीच्या भरवशावर; राळ्यावर कोण देणार?

१९८३ मध्ये आंध्रात एन. टी. रामारावांचं सरकार आलं आणि दोन रुपये किलोचा तांदूळ सुरू झाला. श्रावणातली उपासमार त्या तांदळानं खरोखर कमी केली, हे कबूल करायला हवं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा तांबडा मिलो खाल्लेल्या मराठवाड्यातल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण ताटात भात आला आणि ज्वारी पिकवण्याचं घरगुती कारण उरलं नाही. आधी शेतातून मिश्र पेरणी गेली, मग चुलीवरून गटका. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पाचेक वर्षांत देशी बियाण्याची गाठोडी बहुतेक घरांतून नाहीशी झाली.

ज्वारीबरोबर कडबाही जातो. कडबा गेला की बैल जड होतात, बैल विकले की शेणखत संपतं. उतारावरच्या मुरमाड रानात कपाशीच्या मोकळ्या ओळींमधून पहिल्या धो-धो पावसात माती वाहते. मृगात पेरलं आणि पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याची दुसरी पाकिटं आणि दुसरी उधारी. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं यवतमाळला झोडपलं तेव्हा पैनगंगेचं पात्र तिला अडवू शकलं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत दोन्ही काठांची गावं येतात.

‘क्लायमेट-स्मार्ट’ शेती हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं २०१० मध्ये हेगच्या परिषदेत पुढे आणला. उत्पन्न टिकवणं, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, हवेत कमी कार्बन सोडणं अशी त्याची तीन अंगं. कोलामांची मिश्र पेरणी पहिल्या दोन अंगांत सहज बसते, तिसऱ्यात पोडूची आग आडवी येते. पोडू जशीच्या तशी परत आणा असं म्हणण्यात अर्थ नाही. तिला लागणारी पडीत आता कुठून आणणार? पण मिश्र पेरणीतला हिशोब उचलता येतो, आणि तो उचलण्याचे प्रयत्न इथं झाले आहेत.

२००४ मध्ये सुरू झालेल्या चेतना ऑरगॅनिकनं आदिलाबाद, विदर्भ आणि ओडिशातल्या लहान कोरडवाहू शेतकऱ्यांचे गट बांधले. सेंद्रिय कापूस न्याय्य व्यापाराच्या बाजारात विकायचा आणि त्याच रानात तूर, ज्वारी, मूग घरासाठी ठेवायचे, अशी त्यांची रीत. बीटी सगळीकडे पसरल्यावर बीटी नसलेलं चांगलं सरकी-बियाणं मिळवणं हीच त्यांची मोठी डोकेदुखी झाली. उटनूरला एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेनं पटांचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर ‘गिरी पोषण’ हाती घेतलं: अंगणवाडीतल्या मुलांना आणि गरोदर बायांना ज्वारी, राळा अशा भरडधान्यांचा तयार आहार. तो करणारं केंद्र आदिवासी बायांची सहकारी संस्था चालवते. मोहाच्या फुलांचे लाडूही उटनूरचेच. रक्तक्षय असलेल्या मुलींना ते दिले जातात. ज्या मोहाचं नाव घेतलं की आधी दारूबंदी खात्याचा छापा आठवे, तो मोह पौष्टिक आहारात पोचला, हे वळण गमतीचं आहे.

यातली अडचण अशी की भरडधान्य खाणारा मुलगा आदिलाबादचा असला तरी ते धान्य त्याच्या बापाच्या शेतातलं असेलच असं नाही. जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांनी गावातल्या पडीक जमिनी लागवडीला आणून, धान्यकोठ्या गावातच उभारून ही दोन टोकं जोडली. आदिलाबादेत ती अजून सुटीच आहेत.

गाडी पुन्हा कागदाशी येऊन थांबते. शेतकऱ्याला एकरी रोख मदत देणारी ‘रयतु बंधू’ २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती मिळे पासबुक असलेल्याला. पट्टा नसलेला पोडू कसणारा त्यात नव्हता, बटाईदारही नव्हता. बँकेचं पीककर्जही त्याच कागदावर. मग उधारी दुकानदाराची, आणि दुकानदाराला हवी कपाशी. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे वर्षानुवर्षं पडून राहिले. ३० जून २०२३ ला मुख्यमंत्र्यांनी आसिफाबादेत पोडू पट्टे वाटायला सुरुवात केली: राज्यभरात दीड लाखाच्या आसपास लाभार्थी, चार लाख एकरांवर जमीन. ‘लावणी खास’नंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी तोच हिशोब पुन्हा मांडला जात होता. दरम्यान याच पट्ट्यातलं कव्वालचं जंगल २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, त्यामुळे जंगलाच्या रेषा पुन्हा एकदा सरकल्या.

अलीकडे रब्बीत ज्वारी परतली आहे. बोअरचं थोडं पाणी, सरकारी खरेदीची आशा आणि २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा ३,३७१ रुपये क्विंटल हमीभाव, अशा आधारावर कपाशी उपटलेल्या रानात ती उभी दिसते. ही ठेंगणी, एकसारख्या उंचीची, घट्ट कणसाची संकरित ज्वारी. तिचा बराच भाग बाजार समितीतून परस्पर बाहेर जातो.

पेर्सा जोन्ना बाजार समितीत येत नाही. डोंगरातल्या पाड्यांमधून कपाशीच्या कडेला दोन-चार ओळी ती पेरली जाते. पुरुषभर उंच वाढते आणि पुष्कळदा वाऱ्यानं लोळते. सुगीत त्यातली थोराड कणसं निवडून, जुडी बांधून चुलीच्या वर आढ्याला टांगतात. महिनोन्‌महिने धूर खाऊन ती काळपट होतात, पण किडत नाहीत. मृगाचा पाऊस पडला की जुडी खाली उतरते.